शहर वाहतूक शाखेची यंत्रसामग्री: पैसा कुठून येतो आणि निवड कशी करावी

जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून शहर वाहतूक शाखेला वाहनांचा वेग मोजणारी स्पीड गन मिळाली, नवी वाहने आली, पालकमंत्र्यांच्या हस्ते लोकार्पण झाले, अशी बातमी मार्चच्या आगेमागे कुठल्या ना कुठल्या जिल्ह्याच्या पानावर हमखास दिसते. त्याच यंत्राचे पुढे दोन-तीन वर्षांनी काय झाले, याची बातमी मात्र सहसा येत नाही. लहान शहरांच्या बाबतीत खरा प्रश्न तिथेच आहे, कारण यंत्र विकत घेण्यासाठी पैसा मिळवणे जितके सोपे, तितकेच ते चालते ठेवण्यासाठी पैसा मिळवणे अवघड असते. म्हणून कोणते यंत्र घ्यावे याचा निर्णय त्याच्या किमतीवर किंवा जाहिरातीवर न घेता, ते दर वर्षी सांभाळण्याची आपल्या शाखेची ऐपत किती आणि त्यातून निघालेला पुरावा न्यायालयात टिकेल का, या दोन गोष्टींवर घ्यावा लागतो.

प्रथम कोणाचे काय, हे स्पष्ट करून घेऊ. महाराष्ट्रात पोलीस दल राज्य शासनाचे असते; नगरपरिषदेचे किंवा महानगरपालिकेचे स्वतःचे वाहतूक पोलीस नसतात. पोलीस आयुक्तालय नसलेल्या शहरात वाहतूक शाखा जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली काम करते. सिग्नलचे खांब, पांढरे पट्टे, सम-विषम तारखेच्या पार्किंगचे फलक ही कामे नगरपरिषदेची किंवा महानगरपालिकेची. शहरातून राज्य महामार्ग जात असेल तर त्या रस्त्याची जबाबदारी सार्वजनिक बांधकाम विभागाची आणि राष्ट्रीय महामार्ग असेल तर केंद्राच्या यंत्रणेची. याशिवाय परिवहन कार्यालयाची वायुवेग पथके त्याच रस्त्यांवर स्वतंत्रपणे कारवाई करीत असतात. एवढे हात एका चौकात असल्यामुळे असे घडू शकते की पोलिसांनी लाल दिवा ओलांडणाऱ्यांना टिपणारा कॅमेरा मागावा आणि त्याच चौकातील सिग्नल देखभालीचा करार संपल्यामुळे महिनोन्‌महिने नुसता पिवळा लुकलुकत राहावा. त्यामुळे प्रस्ताव लिहिण्यापूर्वी एक साधी बैठक घेऊन, परिवहन कार्यालयाकडे कोणती उपकरणे आधीच आहेत आणि सिग्नल दुरुस्तीचा करार कोणाच्या नावे कधीपर्यंत आहे, एवढे तरी विचारून घेणे शहाणपणाचे ठरते.

पैशाची वाट

दंडाच्या वसुलीतूनच यंत्रे घ्यावीत, असे अनेकांना वाटते. कायदा तसे होऊ देत नाही. ई-चलानातून जमा झालेली रक्कम शासनाच्या खात्यात, म्हणजे राज्याच्या एकत्रित निधीत जाते. वाहतूक शाखेला ती परस्पर खर्च करता येत नाही. ही व्यवस्था गैरसोयीची असली तरी माझ्या मते योग्य आहे, कारण ज्या कार्यालयाचा खर्च दंडावर चालतो त्या कार्यालयाला अपघात कमी होण्यापेक्षा चलान वाढण्यात रस वाटू लागतो. रस्ता सुरक्षेसाठी पैसा राखला जावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशात राज्यांना दंडाच्या रकमेतील काही हिश्श्यातून रस्ता सुरक्षा निधी उभारण्यास सांगितले होते. मात्र असा निधीदेखील राज्य पातळीवर असतो आणि तेथूनही प्रस्तावाच्याच मार्गाने जिल्ह्यापर्यंत यावा लागतो. शिवाय चलान फाडणे आणि रक्कम हाती पडणे यांत मोठे अंतर आहे. कित्येक चलाने थकीत राहतात आणि अखेर लोकअदालतीत तडजोडीने मिटतात, त्यामुळे ‘अमुक इतका दंड जमेल, त्यातून यंत्राची किंमत निघेल’ असे गणित प्रस्तावात मांडणे धोक्याचे असते.

प्रत्यक्षात पैसा येतो तो चार-पाच वाटांनी. पहिली वाट गृह विभागाच्या अंदाजपत्रकाची. ई-चलानाची हातातील मशीन सामान्यतः याच वाटेने, राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयामार्फत जिल्ह्यांना मिळतात. दुसरी वाट केंद्राच्या पोलीस आधुनिकीकरण साहाय्य योजनेची. तीत महाराष्ट्रासारख्या सर्वसाधारण राज्यासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. तथापि या योजनेवर शस्त्रे, संपर्कयंत्रणा, न्यायवैद्यक प्रयोगशाळा अशा अनेकांचा डोळा असल्यामुळे लहान शहराची स्पीड गन यादीत बरीच खाली जाते.

तिसरी वाट जिल्हा वार्षिक योजनेची, आणि लहान शहरासाठी तीच सर्वांत जवळची. १९९८ च्या अधिनियमाखालील जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि सदस्य-सचिव जिल्हाधिकारी. पोलीस अधीक्षक कार्यालयाने प्रस्ताव द्यायचा, त्याला प्रशासकीय मान्यता मिळवायची, निधी वितरित करून घ्यायचा आणि ३१ मार्चपूर्वी खर्च दाखवायचा, असा हा क्रम. मान्यता दिवाळीच्या पुढे गेली की निविदेसाठी मोजके आठवडे उरतात आणि अखर्चित निधी परत जाण्याच्या धास्तीने, ज्या पुरवठादाराच्या गोदामात माल तयार पडून आहे त्याचेच यंत्र पसंत केले जाते. सरकारी खरेदीतील बऱ्याच चुकांच्या मुळाशी भ्रष्टाचारापेक्षा ही घाई असते, असे माझे स्पष्ट मत आहे. यावर उपाय एवढाच की तांत्रिक तपशील एप्रिल-मेमध्येच लिहून तयार ठेवावा आणि मान्यता आली त्या आठवड्यात निविदा काढावी.

उद्योगांच्या सामाजिक दायित्व निधीची वाटही अलीकडे बरीच वापरली जाते. कंपनी अधिनियम, २०१३ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. बॅरिकेड, परावर्तक जॅकेट, शंकू, हेल्मेट जनजागृती यांसाठी हा पैसा घेण्यास फारशी हरकत नाही. शहरातील निम्म्या बॅरिकेडांवर सराफाचे किंवा शिकवणी वर्गाचे नाव ‘सौजन्य’ म्हणून झळकत असते आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही. पुरावा निर्माण करणारे यंत्र मात्र देणगीतून घेऊ नये. परमिट रूमच्या मालकांनी श्वासातून मद्यपान तपासणारा ब्रेथ अ‍ॅनालायझर भेट दिला तर सारे गाव हसेल. पण मालवाहतुकीच्या मोठ्या कंपनीने स्पीड गन दिली तर कोणी हसत नाही, आणि आक्षेप मात्र तोच आहे.

आता सर्वांत दुर्लक्षित बाब. वरील बहुतेक वाटांनी मिळणारा पैसा भांडवली खर्चाचा, म्हणजे एकदाच वस्तू घेण्याचा असतो. त्या वस्तूची दुरुस्ती, वार्षिक तपासणी, सिमकार्डाचे भाडे, बॅटरी, कागदाची रिळे हा महसुली खर्च वेगळ्या लेखाशीर्षातून करावा लागतो, आणि त्या लेखाशीर्षात आधीच पेट्रोल-डिझेल आणि वीजबिल यांची ओढाताण असते. हिशेब समजण्यापुरते आकडे धरू. एक यंत्र १२ लाख रुपयांना घेतले, त्याचे आयुष्य आठ वर्षे आणि हमी तीन वर्षांची. चौथ्या वर्षापासून देखभाल करार किमतीच्या १० टक्के, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. पाच वर्षांचे ६ लाख झाले. वार्षिक तपासणी व मुद्रांकनाचे (तपासून अधिकृत शिक्का मारून घेण्याचे) वर्षाला २५ हजार धरले तर आठ वर्षांत २ लाख. बॅटरी, डेटा, साठवण आणि किरकोळ दुरुस्ती यांचे वर्षाला ५० हजार, म्हणजे आणखी ४ लाख. एकूण वरखर्च १२ लाख. किंमत जेवढी, तेवढाच सांभाळण्याचा खर्च, आणि या दुसऱ्या १२ लाखांचा उल्लेख प्रस्तावात बहुधा कुठेच नसतो. म्हणून निविदेतच पाच किंवा अधिक वर्षांचा सर्वसमावेशक देखभाल करार, तपासणीसह, मूळ किमतीत धरून दर मागवावेत. यंत्र कागदावर महाग दिसेल, परंतु चौथ्या वर्षी ते कपाटात जाऊन बसणार नाही.

निवड: यादीआधी नकाशा

काय घ्यायचे हे ठरवण्यासाठी पुरवठादाराचे माहितीपत्रक उघडण्याआधी शहराची अपघातनोंद उघडावी. ई-डार या राष्ट्रीय नोंदप्रणालीत प्रत्येक अपघाताचे ठिकाण, वेळ आणि वाहनाचा प्रकार भरला जातो. केंद्रीय मंत्रालयाच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर टप्प्यात तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू झाले असतील तर ते ठिकाण अपघातप्रवण मानले जाते. हाच निकष शहरातील रस्त्यांना थोडा सैल करून लावला तरी चित्र चटकन दिसते. देशभरात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांपैकी महाराष्ट्रात १५,२२४. देशातील मृतांपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या नोंदीत होते आणि ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. आपल्या शहरातील प्रमाण यापेक्षा वेगळे असू शकते, आणि नेमके तेच शोधायचे असते. हेल्मेटविना झालेले मृत्यू जास्त असतील तर त्यासाठी महागडे यंत्र लागतच नाही. ई-चलान मशीन, चार बॅरिकेड आणि नियमित नाकाबंदी पुरेशी आहे. बाह्यवळणाच्या एकाच फाट्यावर रात्री अपघात होत असतील तर आधी तिथे दिवे आहेत का, ते पाहावे. दिव्याच्या खांबाचे काम स्पीड गन करू शकत नाही.

वेग हेच कारण निघाले तरी यंत्राआधी वेगमर्यादेचा कागद लागतो. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार नगरपालिका हद्दीत मोटारींना ताशी ७० आणि दुचाकींना ६० किलोमीटर अशी कमाल मर्यादा आहे. बाजारपेठेच्या रस्त्यावर ती ३० किंवा ४० करायची असेल तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११२ खाली सक्षम प्राधिकाऱ्याचा आदेश आणि जागेवर फलक, दोन्ही आवश्यक आहेत. फलक झाडामागे गेला असेल, नाहीतर निवडणुकीच्या फ्लेक्सखाली झाकला असेल, तर सर्वोत्तम यंत्राने मोजलेला वेगही वादात सापडतो.

स्पीड गन दोन जातीच्या असतात. रडारची गन रेडिओलहरी सोडते आणि परतणाऱ्या लहरीच्या बदललेल्या वारंवारतेवरून वेग काढते. तिचा झोत रुंद असल्याने मोकळ्या महामार्गावर ती उत्तम चालते, पण शहरात एकाच झोतात रिक्षा, दुचाकी आणि टेम्पो सापडतात आणि वेग नेमका कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो. लेझरची गन अतिसूक्ष्म अंतराने प्रकाशाचे ठोके सोडून अंतरातील बदल मोजते, आणि तिचा झोत दूरवरही अरुंद राहत असल्याने एकच वाहन निवडून टिपता येते. दाटीच्या शहरासाठी लेझर बरी. मात्र ती धरणाऱ्या शिपायाचा हात स्थिर हवा, तिपाई हवी आणि सराव हवा. उभे राहण्याची जागाही महत्त्वाची आहे. वाहनाच्या मार्गाशी गन जितक्या कोनात धरली जाईल तितका वेग कमी दिसतो: कोन १० अंशांचा असेल तर फरक दीड टक्क्याचा, ३० अंशांचा असेल तर तेरा टक्क्यांहून अधिक, म्हणजे ताशी ६० ने जाणारी गाडी ५२ ने जाताना दिसते. ही चूक वाहनचालकाच्या फायद्याची असल्याने तक्रार कोणी करत नाही, पण फुटपाथच्या आत चहाच्या टपरीशेजारी उभ्या राहिलेल्या पथकाला दिवसभरात अतिवेगाची प्रकरणे का सापडली नाहीत, याचे उत्तर कधी कधी एवढ्यातच असते.

वेगमापक रडार उपकरणांसाठी वैधमापन कायद्याखालील नवे नियम १ जुलै २०२५ पासून लागू झाले असून उपकरणांची पडताळणी आणि मुद्रांकन बंधनकारक झाले आहे. त्यामुळे निविदेत ‘पडताळणी करून, मुद्रांकित अवस्थेत पुरवठा’ अशी अट असलीच पाहिजे. अन्यथा यंत्र येईल, पण वापरता येणार नाही.

याच्या जोडीला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७-अ वाचावा लागतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३६-अ खाली २०२१ मध्ये आलेल्या या नियमात स्पीड कॅमेरा, सीसीटीव्ही, अंगावरचा कॅमेरा, नंबरप्लेट वाचणारी यंत्रणा अशा सर्व इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा समावेश आहे. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांबरोबर त्याच्या तक्त्यात १३२ शहरांची नावे आहेत आणि महाराष्ट्रातील सांगली, लातूर, जालना, अकोला, चंद्रपूर यांसारखी तुलनेने लहान शहरेही त्यांत येतात. उपकरणाला राज्याच्या नियुक्त प्राधिकरणाचे प्रमाणपत्र हवे, ते दर वर्षी नूतनीकरण करून घ्यायला हवे, कॅमेरा आहे अशी सूचना देणारे फलक लावायला हवेत आणि गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवली गेली पाहिजे. ही पंधरा दिवसांची अट वरकरणी किरकोळ वाटते, पण तिचा अर्थ असा की कॅमेऱ्याने टिपलेले प्रत्येक चित्र कोणीतरी रोज बसून तपासायला हवे. वाहतूक शाखेत मंजूर पदेच अपुरी असतील तर दिवसाला शेकडो चित्रे पाठवणारा कॅमेरा ही मदत न ठरता थकबाकी वाढवणारी गोष्ट होते. त्यात भर म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते यंत्रणेतून आपोआप तयार होते की हाताने टंकावे लागते, हे खरेदीपूर्वी विचारावे.

ब्रेथ अ‍ॅनालायझरच्या बाबतीत फसगत किमतीत होते. स्वस्त उपकरणात अर्धवाहक संवेदक असतो आणि तो अल्कोहोलखेरीज इतर वायूंनाही प्रतिसाद देऊ शकतो. पुराव्यासाठी फ्युएल सेलचे, म्हणजे रासायनिक क्रियेने अल्कोहोल मोजणारे, उपकरणच घ्यावे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ खाली १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल हा गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. इतक्या गंभीर परिणामाचे मोजमाप शेवटच्या तपासणीची तारीख उलटून गेलेल्या यंत्राने करणे म्हणजे बचाव पक्षाच्या वकिलाला आयती संधी देणे होय. लहानसहान गोष्टीही पाहाव्यात. प्रत्येक व्यक्तीसाठी नवी नळी लागते, आणि नळ्या संपल्या की ३१ डिसेंबरच्या रात्री यंत्र असून नसल्यासारखे होते. छापील पावती थर्मल कागदाची असेल तर काही महिन्यांत अक्षरे पुसट होतात आणि खटला उभा राहतो तेव्हा फायलीत कोरा कागद निघतो. पावतीची छायाप्रत त्याच दिवशी काढून ठेवावी, किंवा नोंद थेट प्रणालीत जाईल असे उपकरण घ्यावे.

नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांचे प्रात्यक्षिक नेहमी उत्तम होते, कारण ते स्वच्छ पाट्यांवर होते. आपल्याकडे मात्र ४१४१ चे ‘दादा’ केलेल्या, वळणदार मराठी आकड्यांच्या आणि उसाच्या ट्रॉलीमागे चिखलाने माखलेल्या पाट्या भरपूर आहेत. उच्च सुरक्षा पाटी १ एप्रिल २०१९ नंतरच्या वाहनांवर असते, जुन्यांवर ती बसवण्याचे काम मुदतवाढी घेत चालले आहे. त्यामुळे पुरवठादाराला आपल्याच चौकात, दुपारच्या उन्हात आणि रात्रीच्या पावसात, आठवडाभर कॅमेरा लावून दाखवायला सांगावे आणि चुकीच्या वाचनाचे प्रमाण आपल्या माणसांकडून मोजून घ्यावे. चुकीचे वाचन म्हणजे भलत्याच माणसाच्या मोबाइलवर गेलेले चलान, आणि अशा दहा-वीस प्रकरणांत शाखेची पत जाते.

अंगावरचे कॅमेरे हुज्जतीच्या प्रसंगी दोन्ही बाजूंना उपयोगी पडतात. त्यांचा खर्च साठवणीत आहे: मध्यम दर्जाचे चित्रण तासाला एक-दोन जीबी जागा घेते, म्हणजे दहा कॅमेरे आठ तास चालले तर रोजचे ८० ते १६० जीबी. किती दिवस ठेवायचे आणि कोणी पाहायचे, याचा आदेश खरेदीपूर्वीच काढलेला बरा. ई-चलान मशीन कमी पडतात म्हणून शिपाई स्वतःच्या मोबाइलवर छायाचित्रे काढीत असत. २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने त्यास मनाई केली. त्यामुळे लहान शहराने पहिली मागणी अधिकच्या ई-चलान मशीनचीच करावी, असे मला वाटते.

निविदा लिहिताना काही गोष्टींवर अडून बसावे. यंत्र राज्याच्या ई-चलान प्रणालीशी आणि तिच्यामार्फत ‘वाहन’ या नोंदणीप्रणालीशी जोडले गेले पाहिजे. स्वतःच्याच अ‍ॅपमध्ये चित्रे अडकवून ठेवणारे यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. तांत्रिक तपशील एखाद्या ब्रँडच्या माहितीपत्रकावरून उतरवलेला नसावा. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर किंवा ई-निविदेत एकाच मॉडेलला बसेल अशी अट आली की हरकती येतात आणि वर्ष वाया जाते. चित्रे आणि नोंदी यांची मालकी पोलिसांची राहील आणि करार संपताना सर्व माहिती वाचता येईल अशा स्वरूपात मिळेल, हे लेखी हवे.

‘तुम्ही काहीच गुंतवू नका, आम्ही कॅमेरे बसवतो, दर चलानामागे आमचा हिस्सा द्या’ असा प्रस्ताव घेऊनही कंपन्या येतात. पैशाची चणचण असलेल्या कार्यालयाला तो मोहक वाटणे साहजिक आहे. केरळमध्ये २३२ कोटी रुपयांच्या प्रकल्पात ७२६ कॅमेरे बसवून जून २०२३ पासून दंड सुरू झाला. पण उपकंत्राटे कोणाला, कशी आणि किती रकमेला गेली यावरून विधानसभा आणि न्यायालय दोन्हीकडे वाद गेला. एका राज्याची यंत्रणा जिथे अशा प्रश्नांत अडकते, तिथे जिल्ह्याच्या कार्यालयाने तर हिश्श्याच्या करारापासून दूरच राहावे. कंपनीला द्यायचेच असेल तर ते यंत्र किती दिवस सुस्थितीत चालले यावर ठरलेले मासिक शुल्क असावे आणि चलानाच्या संख्येशी त्याचा संबंध नसावा.

शेवटचा टप्पा माल ताब्यात घेण्याचा. खोकी मोजून पोच देण्याऐवजी प्रत्येक यंत्र चालवून पाहावे, अनुक्रमांक, मुद्रांकनाची आणि प्रमाणपत्राची तारीख साठा नोंदवहीत लिहावी, किमान चार कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण पूर्ण झाल्याची नोंद घ्यावी आणि देयकातील काही हिस्सा महिनाभराच्या प्रत्यक्ष वापरानंतरच द्यावा. प्रशिक्षित चौघांपैकी दोघांची बदली पुढच्या मे-जूनमध्ये होणार, हे धरून प्रशिक्षण दर वर्षी पुन्हा देण्याची जबाबदारीही करारातच पुरवठादारावर टाकावी.